एकवीस आवर्तनं

"या घरात एक दोरी जागेवर सापडेल तर शपथ. मागच्या तीन गणपतींच्या कंठ्या सापडतील, दोरी सापडणार नाही."

हे माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, कपाटात डोकं घालून पुटपुटत होते. मी शिलाई मशीनवर बसले होते. ताडपत्रीच्या पिशवीला तळ जोडण्याचं काम अर्ध्यात सोडता येत नाही, त्यामुळे वळून बघायला दोन मिनिटं लागली. वळले तर दोरी ह्यांच्याच गळ्यात. पिवळी, जाड, वीस मीटरची, नीट वेटोळं करून उपरण्यासारखी दोन्ही खांद्यांवरून सोडलेली.

"अहो," मी म्हटलं आणि नुसतं बोट दाखवलं.

ह्यांनी खाली पाहिलं. मग हसले. म्हणाले, "हां, म्हणजे घरातच होती," आणि बाहेर गेले. मीही हसले. हसण्यासारखं काही दिसलं की आधी हसून घ्यावं, बाकीचं नंतर बघावं, अशी आमच्या घराची पद्धत आहे. पण मशीनवरचा पाय बराच वेळ हलला नाही.

हे म्हणजे श्यामसुंदर, माझे यजमान. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. नोकरीभर नदी पाहिली ती जीपमधून, नाहीतर बंधाऱ्यावर उभं राहून. निवृत्त झाल्यावर एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, आता खाली उतरून बघतो. मला वाटलं, महिनाभरात खूळ जाईल. गेलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी कयाक चालवायला शिकले. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबोडकी अरुंद होडी; कमरेपर्यंत आत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावं-उजवं मारत जायचं. तेव्हापासून दर जानेवारीत चार दिवस भीमेतून खाली जातात. दिवसभर वल्हवायचं, ऊन कललं की काठाला लागायचं, तंबू ठोकायचा, खिचडी शिजवायची आणि घरी फोन करून खिचडी जमली असं खोटं सांगायचं. आत्तापर्यंत पाच वेळा गेले आणि पाचही वेळा सुखरूप आले.

सोबत अमीनभाई असतात. त्यांचं हडपसरला फायबरचं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या बनवतात, दुकानापुढे उभे करायचे माणसाएवढे आइस्क्रीमचे कोन बनवतात, आणि मधूनच एखादी कयाक. ह्यांची पहिली कयाक गुलाबी झाली, कारण कोनाचा रंग उरला होता. ती आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून टांगली तेव्हा सेक्रेटरींनी लेखी विचारलं होतं की ही नोंद दुचाकीत करायची की चारचाकीत. ह्यांनी लेखी उत्तर दिलं, "बिनचाकीत." असे आमचे हे. निदान असे होते.

अमीनभाई मला वहिनी म्हणतात, ह्यांना साहेब, आणि ह्यांच्या माघारी कमांडर. कारण ह्यांचा पाण्यावरचा नियम कडक आहे. काठावर असेपर्यंत हवी तेवढी चर्चा करा. एकदा नदीत उतरलं की बोलणार ते एकटे पुढचे. थांब म्हटलं की थांबायचं, डावीकडे म्हटलं की डावीकडे, कारण विचारायचं ते संध्याकाळी खिचडीबरोबर. मला आधी हा नवरेपणा वाटायचा. मग एकदा अमीनभाईंनी समजावलं. नदीवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. काठावरून बंधारा दिसतो, पण होडीत बसलेल्या माणसाला वरच्या अंगाने तो दिसतच नाही. पाणी सपाट, नदी पुढे तशीच चाललीय असं वाटतं. आवाज ऐकू येतो तेव्हा फार जवळ गेलेलो असतो. पलीकडे पाणी पडतं तिथे त्याचं उलटं वेटोळं होतं आणि त्यात सापडलेली वस्तू गोल गोल फिरत राहते. म्हणून बंधाऱ्याच्या बरंच आधी काठाला लागायचं, कयाक खांद्यावर घ्यायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा पाण्यात सोडायची. बंधारा कुठे आहे हे पुढच्याला पाठ असावं लागतं. मागच्यांनी विश्वास ठेवायचा.

यंदा त्या मागच्यांत आमची अस्मिता होती. सत्तावीस वर्षांची, हडपसरला आयटीत नोकरी करणारी, जिला लहानपणी बादलीत पाय घाल म्हटलं तरी रडू यायचं. दिवाळीत ती एकदम म्हणाली, बाबा, यंदा मी येते. हे इतके खूश झाले की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. ती का येते आहे हे मी तिला विचारलं नाही आणि तिने मला सांगितलं नाही.

खरं म्हणजे दोघींना माहीत होतं. पण माहीत असणं आणि बोलणं ह्यात आमच्याकडे मोठं अंतर आहे.

सुरुवात कधी झाली हे सांगता येणार नाही. उन्हाळ्यात एकदा हे हडपसरला जायला निघाले आणि चांदणी चौकातून फोन केला की ट्रॅफिक फार आहे. ट्रॅफिक होतंच, पण चांदणी चौक आमच्या पश्चिमेला आणि हडपसर पूर्वेला. मी म्हटलं, बोलण्याच्या नादात चुकले असतील. गाडीत एकटेच होते. नंतर अमीनभाईंनी हसत हसत सांगितलं की साहेबांनी एकाच सीटचं माप तीनदा दिलं, तिन्ही वेळा पहिल्यांदाच देतोय अशा उत्साहाने. अमीनभाईंनी तिन्ही वेळा लिहून घेतलं. "वहिनी, मोठा माणूस आहे, दोन सीटा जास्त झाल्या तर काय बिघडलं," असं म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले.

आमच्याकडे ह्याला वेगवेगळी नावं होती. मी म्हणायचे, थकलेत. अस्मिता म्हणायची, लक्ष नसतं. अमीनभाई म्हणायचे, रिटायर माणसाला दिवस कुठे मोजायचे असतात. पावसाळ्यात मी एका डॉक्टरांची वेळ घेतली. ह्यांना सांगितलं की माझा गुडघा दाखवायचा आहे, सोबत चला. जायच्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्यासाठी गुडघ्याला लावायचं तेल गरम करून आणलं. मी फोन करून वेळ रद्द केली.

प्रवासाची आखणी मात्र दरवर्षीसारखीच जोरात होती. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. त्यावर मिठाची बरणी, डाळीचा डबा असे ठेवलेले, कोपरे वळू नयेत म्हणून. वीस जानेवारीला पहाटे निघायचं, पारगावच्या अलीकडे पाण्यात उतरायचं, पहिला मुक्काम रंगरावच्या बंधाऱ्याखाली, चौथ्या दिवशी भिगवणच्या बाजूला बाहेर. सामानाची यादी ह्यांच्या हातची. तांदूळ चार ठिकाणी लिहिले होते आणि काडेपेटी एकदाही नव्हती. अस्मिता रोज रात्रीच्या जेवणाआधी त्या यादीचा फोटो काढायची आणि आपल्या लॅपटॉपवर दुरुस्त प्रत ठेवायची. एकदा मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. ह्यांच्या आखणीत पहिल्या दोन दिवसांत तीन बंधारे होते. तिच्या प्रतीत चार.

मी विचारलं, हा चौथा कुठून आला?

ती म्हणाली, उपग्रहाच्या नकाशावर दिसतो. बाबांकडून टायपो झाला असेल.

हाताने लिहिलेल्या कागदावर टायपो. मी मनाशी म्हटलं, अस्मिता आहे ना बरोबर, ती बघेल. आता कळतं की अस्मिता म्हणत होती, अमीनकाका आहेत ना, ते बघतील. आणि अमीनभाई वर्कशॉपमध्ये आपल्या बायकोला, मेहजबीनभाभींना, सांगत होते की साहेबांची मुलगी आहे ना, शिकलेली आहे, ती बघेल. असे आम्ही एकमेकांच्या भरवशावर निवांत होतो.

आठ तारखेला की नऊ तारखेला रंगरावचा फोन आला. रंगराव ह्यांच्या हाताखाली चौकीदार होता. आता गावाने त्यालाच बंधारा बघायला ठेवलंय. पाचही वर्षं ह्यांचा पहिला मुक्काम त्याच्या बंधाऱ्याखाली नदीपात्रातल्या एका उंचवट्यावर पडतो, वाळू आहे, सपाट आहे, म्हणून. फोन ह्यांनीच घेतला. मी स्वयंपाकघरात होते. "हो, हो, लिहून घेतो," एवढं ऐकू आलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी हे वही घेऊन माझ्याकडे आले. खिशात मावेल अशी निळी वही, नोकरीत असल्यापासून त्याच आकाराची. पान उघडून माझ्यापुढे धरलं. ह्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: *रंगराव. आवर्तन २१. पात्र नको.*

"रंगराव म्हणतोय, निघायच्या आधी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करा," हे म्हणाले. "अभिषेकपात्र मांडायचं नाही. नुसता पाठ. चांगला माणूस आहे."

मी म्हटलं, रंगरावला कधीपासून अथर्वशीर्ष?

"गावागावाची रीत असते," हे म्हणाले, आणि इतक्या शांतपणे म्हणाले की मी मान हलवली.

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. मला खटकलं होतं. आमच्या घरात आवर्तन ह्या शब्दाचा अर्थ कधीच अथर्वशीर्ष नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात हे म्हणाले, आवर्तन आलंय, चार दिवस जावं लागेल. मला वाटलं कोणी पाहुणी आहे. मग कळलं, धरणातून शेतीसाठी ठरलेल्या तारखेला पाणी सोडतात, त्या पाळीला आवर्तन म्हणतात. नंतर ती पाहुणी सवतीसारखी घरात राहिली. रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन. अस्मिता झाली तेव्हा हे आवर्तनावर होते. तिच्या बारशाची तारीख आवर्तन बघून ठरली. आणि तरीही, ह्यांनी ती वही माझ्यापुढे धरली तेव्हा मी एकवीस दुर्वा कुठून आणायच्या ह्याचा विचार करू लागले. कारण दुसरा विचार केला असता तर मग पुढचे सगळेच विचार करावे लागले असते.

अठरा तारखेला रविवार होता. सकाळी नऊला सोसायटीतल्या पाचजणी आल्या. नारायण पेठेतून माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या, स्वतःचं आसन घेऊन, कारण आमची आसनं त्यांना टोचतात. एका वाटीत एकवीस शेंगदाणे ठेवले. एक आवर्तन झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा, अशी मोजणी. ते काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं.

मला ह्यांच्या पाठांतराची धास्ती होती. ती उगाच होती. लहानपणी वडिलांनी छडी घेऊन करून घेतलेला पाठ. एक अक्षर पुढेमागे झालं नाही. स्वर स्वच्छ, श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेतलेला. नणंदबाईंनी मधेच माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, की बघ, आमचा श्याम. सातव्या-आठव्या आवर्तनाला मला वाटू लागलं की मीच वेडी, मीच नाही नाही ते मनात आणते. ह्या माणसाला काय झालंय? ह्याला तर सगळं येतंय.

चौदावं आवर्तन चालू असताना ह्यांचा फोन वाजला. तो टेबलावर नकाशाजवळ होता. सगळे पाठ म्हणत होते म्हणून मी उठले आणि फोन घेऊन बाल्कनीत गेले. आमच्या बाल्कनीतून दोन इमारतींच्या मधून मुठेचा एक तुकडा दिसतो. त्या दिवशी पाण्याचं काही दिसत नव्हतं, जलपर्णीच्या हिरव्या चटईवर बगळे चालत होते.

रंगराव होता. माझा आवाज ऐकून त्याला बरं वाटलं. आधी नमस्कार, मग ऊस, मग नातवंडं असं सगळं झालं. मग म्हणाला,

"वहिनीसाहेब, सायबांस्नी येवढा निरोप द्या. आवर्तन एकवीसला न्हाई. एक दिस आधी सुटतंय. वीसच्या सांजेला पानी आमच्या बंधाऱ्यावर येतंय."

पाठीमागे दाराच्या फटीतून पाठ चालू होता. ह्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

मी विचारलं, मागच्या फोनला तुम्ही साहेबांना काय सांगितलं होतं?

त्याने सगळं पुन्हा सांगितलं. एकवीसला वरून आवर्तन सुटणार आहे. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे त्या अडवायच्या लोखंडी फळ्या, काढून ठेवणार आहेत. तेव्हा पात्रात तंबू टाकू नका. दरवर्षीच्या वाळूवर पुरुषभर पाणी येईल, आणि येतं ते भोंगा वाजवून येत नाही. शाळेच्या व्हरांड्यात झोपा, मी सांगून ठेवलंय. साहेब म्हणाले, बरं, लिहून घेतो.

आवर्तन २१. पात्र नको. वहीत बरोब्बर लिहिलं होतं. लिहिणारा माणूस शहाणा होता. चार दिवसांनी ते वाचणारा दुसराच कोणी होता.

"सायबांनीच तर आमाला शिकिवलं," रंगराव म्हणत होता. "पात्रात माणूस झोपलेला न्हाई, जनावर बांधलेलं न्हाई, हे सोता बगितल्याबिगर पानी सोडायचं न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनीसाहेब, रागावू नका. त्या दिशी फोनवर सायब पैल्यांदा म्हनले, कोन रंगराव? येवढी वर्सं हाताखाली काढली मी. चेष्टा केली आसंल."

मी म्हटलं, हो, चेष्टाच केली असेल.

फोन ठेवला. मला वीस तारखेची संध्याकाळ दिसत होती. वाळूवर तीन तंबू, गुलाबी कयाक उलटी घातलेली, माझ्या हातच्या ताडपत्रीच्या पिशव्या एकीवर एक रचलेल्या. अस्मिता खिचडी ढवळते आहे. तिला काही खटकलं, पाणी जरा वर आल्यासारखं वाटलं, तर ती बाबांकडे बघेल. आणि बाबा शांतपणे म्हणतील, काही नाही, नदी आहे, बस.

मी आत गेले आणि आसनावर बसले. उठून कुठे जाणार होते? राहिलेली सहा आवर्तनं मी सगळ्यांबरोबर म्हटली. म्हटली म्हणजे ओठ हलवले. शेवटचा दाणा टाकून ह्यांनी दोन्ही वाट्या मला दाखवल्या. म्हणाले, "हिशेब चोख."

त्याच दिवशी चार वाजता अमीनभाई टेम्पो घेऊन आले, कयाक न्यायला. अस्मिता खाली दोऱ्या बांधायला गेली होती. हे वर नकाशा गुंडाळत होते. मी पार्किंगमध्ये जाऊन दोघांना एका खांबाआड घेतलं आणि फोनचं सांगितलं. रंगरावचं, वहीतलं, शेंगदाण्यांचं, सगळं.

अमीनभाई खाली बसले. तिथेच, कयाकच्या टोकाशी, उकिडवे. अस्मिताने हातातल्या दोरीची गाठ सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली. कोणी कोणाला विचारलं नाही की म्हणजे काय.

"वहिनी," अमीनभाई म्हणाले, "मी कमरेचं सांगतो. कंबर धरली म्हणतो. ड्रायव्हरच नाही तर गाडी कशी जाणार."

अस्मिता म्हणाली, मीही सांगते, ऑफिसात काम आलं. दोघंही नाही म्हटल्यावर बाबा थांबतील.

मी म्हटलं, आणि पुढच्या जानेवारीत?

अमीनभाईंनी कयाकच्या बुडावरून हात फिरवला. कुठे तडा आहे का, ते बघतात तसा. "पुढच्या जानेवारीचं पुढच्या जानेवारीत बघू," म्हणाले. आणि देवाशपथ सांगते, मला हायसं वाटलं. आणखी एक वर्ष. वर्ष म्हणजे पुष्कळ झालं. तिघांनी मिळून ठरवलं आणि आम्ही वर गेलो, लग्नघरी वाईट बातमी घेऊन जातात तसे, चेहरे नीट करून.

ह्यांनी नकाशा गुंडाळलेला नव्हता. उलट पूर्ण पसरला होता आणि पहिल्या मुक्कामावर पेन्सिलीने गोल केला होता. पात्राच्या बरोब्बर मध्ये. अंगात लाइफ जॅकेट होतं. मापाला घातलं असेल आणि काढायचं राहिलं असेल. दोन दिवस आधीच, घरात, जेवणाच्या टेबलाशी, केशरी लाइफ जॅकेट घालून बसलेला माझा नवरा. कोणी हसलं नाही. आमची ती पद्धत त्या दिवशी संपली.

अमीनभाईंनी कमरेचं सांगितलं. वाईट सांगितलं, हात चुकीच्या बाजूला धरला होता. ह्यांनी ऐकून घेतलं. मग अस्मिताने सांगितलं, एकवीस तारखेला ऑफिसात मोठं रिलीज आहे, सुट्टी रद्द झाली.

"रिलीज," हे म्हणाले. "तुमचं काय ते, खिडकीतून दिसत पण नाही. आम्ही आयुष्यभर तेच केलं, पोरी. धरणावर उभं राहून. आमच्यात त्याला..."

हे थांबले.

उजवा हात हवेत राहिला होता, चाक फिरवल्यासारखा. दरवाजा उघडायचं ते मोठं चाक असतं ना, तसा. हाताला आठवत होतं. "आमच्यात त्याला म्हणायचे..." ह्यांनी अमीनभाईंकडे पाहिलं. अमीनभाई खाली फरशीकडे बघत होते. अस्मिताकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती नकाशावरची मिठाची बरणी सरळ करत होती. सरळच होती ती.

तो शब्द आम्हा तिघांच्या जिभेवर होता. सकाळी ह्याच खोलीत तो एकवीसदा मोजला होता. कोणी दिला नाही.

"जाऊ दे," हे म्हणाले. हात खाली आला. मग आवाज एकदम कोरडा झाला, ऑफिसातला. "कंबर. रिलीज. आणि सुनीती, तुझं काय? गुडघा?"

मी नकाशावरचा डाळीचा डबा उचलला आणि परत ठेवला.

"मला काय कुकुल्या बाळासारखं खेळवताय? नसेल यायचं तर नका येऊ. मी एकटा जातो. पाच वर्षं ह्या नदीने मला नेलं आणि आणलं. बंधारे मीच बांधून घेतलेत त्यातले दोन. तुमच्यापैकी कोणाला विचारायची मला गरज नाही." ह्यांनी पेन्सिल उचलली आणि तो गोल पुन्हा गिरवला, इतका दाबून की टोक मोडलं. "पहाटे चारला निघतो. टेम्पो नसेल तर दुसरा बघतो."

अमीनभाई म्हणाले, "साहेब, तसं नाही..." अस्मिता म्हणाली, बाबा, पुढच्या महिन्यात जाऊ ना, सगळे मिळून. पुढच्या महिन्यात उन्हाळी आवर्तन असतं का, असा मूर्ख विचार माझ्या मनात येऊन गेला.

हे उठले. खोलीच्या मधोमध उभे राहून इकडेतिकडे बघू लागले. काहीतरी हवं होतं. काय हवं होतं ते कळत नव्हतं, आणि आम्हाला ते कळू नये म्हणून खिसे चाचपत होते. मी इतकी वर्षं ह्या माणसाचे कपडे शिवले, उसवले, लहान-मोठे केले. त्या केशरी जॅकेटचा पट्टा डाव्या बाजूला पिळलेला होता. मी जवळ गेले आणि तो सरळ केला. मग बकल उघडलं. ह्यांनी माझा हात धरला, जोरात नाही, आणि विचारलं, "हे काढतेस कशाला?"

खोटं तयार होतं. जॅकेटची शिवण बघायची आहे. एवढं म्हटलं असतं तर ह्यांनी मुकाट्याने काढून दिलं असतं, आणि परवा पहाटे चारला पुन्हा घातलं असतं.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हाला आठवेनासं झालंय. शब्द, तारखा, बंधारे. रंगराव कोण तेही आठवेना त्या दिवशी. वर्ष होत आलं. आम्हा तिघांना माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे."